मनाला लागलेली हुमणी

तासगावच्या एका तरुण शिक्षिकेचा प्रश्न आलाय. वर्गात 'पश्चात्ताप काळीज कुरतडतो' असं वाक्य आलं, तेव्हा मागच्या बाकावरून एका मुलानं विचारलं, 'मॅडम, हे कुरतडणारं नेमकं कोण असतं? उंदीर का किडा?' वर्ग हसला, तास संपला, पण बाईंच्या डोक्यातून ते जाईना. त्यांनी शोधाशोध केली तर इंग्रजीतही तेच कुरतडणं, बायबलातही किडा. म्हणून त्या विचारतात: हे जनावर आपलं की तिकडून आलेलं? आपल्या ग्रंथांत ते कुठे भेटतं का?

मला विचारायचं कारण एवढंच की मी सांगलीत एकतीस वर्षं दिवसा शेक्सपिअर शिकवला आणि संध्याकाळी नारदीय कीर्तनं केली. दोन्हीकडे श्रोते जांभया देत होतेच, पण दोन्हीकडची जनावरं मात्र चांगली ओळखीची झाली.

आधी त्या मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या. इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.

सुरुवात शब्दांपासून करू. पश्चात्ताप काय, अनुताप काय, दोन्हीत ताप आहे. म्हणजे चटका, मागाहून लागणारी आग. पोथीतल्या या शब्दांना दात नाहीत. इंग्रजीतल्या 'रिमोर्स'च्या पोटात मात्र लॅटिनमधलं चावणं आहे, आणि तेही पुन्हा पुन्हा चावणं. जर्मन माणूस तर सरळ 'विवेकाचा चावा' असाच शब्द वापरतो. १३४० साली कँटरबरीच्या एका मठातल्या साधूनं पापपुण्यावरचं एक फ्रेंच पुस्तक इंग्रजीत आणलं, त्याचं नाव 'आयेनबाइट ऑफ इनविट'. अर्थ काढला तर आतल्या जाणिवेचा परत परत बसणारा चावा.

यावरून कुणी घाईनं म्हणेल की दात त्यांचे, आग आपली. पण घरात आपण बोलतो काय? 'मला पश्चात्ताप होतोय' असं माझी आई जन्मात कधी म्हणाली नाही. ती म्हणायची, 'मन खातंय रे.' काळजाला घरं पडतात, जीव आतून पोखरतो, ही सगळी चुलीपुढची भाषा आहे आणि तिला चांगले धारदार दात आहेत. (सल, टोचणी, बोचणी हे काट्याचे शब्द, त्यांचं कूळ वेगळं. आणि मनात पाल चुकचुकते ती संशयाची. मुलं ही गल्लत हमखास करतात.) शिवाय 'मन खातं' यात खाणारं कोण आहे बघा. बाहेरून आलेला किडा नाही, मनच. खाणारंही तेच आणि खाल्लं जाणारंही तेच. त्यामुळे जनावर आयात केलेलं नाही, एवढं त्या मुलाला बिनधास्त सांगा.

आता किड्याकडे. 'रिचर्ड द थर्ड' नाटकाच्या पहिल्या अंकात म्हातारी राणी मार्गारेट रिचर्डला शाप देते की विवेकाचा किडा तुझा आत्मा कुरतडत राहो. ही ओळ मी कित्येक वर्षं 'कृमी' असा भारदस्त शब्द वापरून शिकवली. पोरं वहीत उतरवून घ्यायची आणि विसरायची. एका ऑगस्टात वर्गातली दोन पोरं आठवडाभर गायब होती. आली तेव्हा विचारलं, तर म्हणाली, 'सर, उसाला हुमणी लागली, औषध सोडत होतो.' मी म्हटलं, मार्गारेट जिचा शाप देते ती हीच.

वर्ग पहिल्यांदा गप्प झाला. कारण हुमणी त्यांना मी सांगायची गरज नव्हती. ऊस वरून हिरवागार उभा असतो. खाली मातीत पांढरट, अर्धगोल वाकडी झालेली अळी मुळ्या खात बसलेली असते. वर पानं पिवळी पडायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो, आणि मग बेटाला हात घालून नुसतं ओढलं तरी ऊस उपटून हातात येतो, कारण खाली धरून ठेवायला मुळंच राहिलेली नसतात. एक पोरगं म्हणालं, 'सर, वळीव पडल्यावर भुंगेरे लिंबावर बसत्यात, तवाच झाड हलवून गोळा केलं तर परवडतं. मग काय खरं न्हाय.' यापेक्षा चांगलं रसग्रहण मी केलेलं नाही. रिचर्ड चार अंक तसाच हिरवागार असतो, एकामागून एक मुडदे पाडतो, विनोद करतो. पाचव्या अंकात लढाईच्या आदल्या रात्री मारलेल्यांची भुतं स्वप्नात येऊन जातात, तो घामाघूम होऊन जागा होतो, आणि तेव्हा कळतं की खाली मुळी शिल्लक नाही.

हा किडा शेक्सपिअरनं शोधलेला नाही, तो बायबलातला. यशयाच्या पुस्तकाच्या अगदी शेवटच्या वचनात देवाविरुद्ध बंड केलेल्यांची प्रेतं आहेत, ज्यांचा किडा मरत नाही आणि आग विझत नाही. मार्कच्या शुभवर्तमानात येशू नरकाबद्दल बोलताना तेच शब्द पुन्हा वापरतो. मुळात हा किडा प्रेताला लागणारा, साधा, खराखुरा. तो मनात शिरला तो पंडितांच्या वादातून. संत ऑगस्टीनच्या वेळी काही जण म्हणत की आग देहाला आणि किडा आत्म्याला. त्याचा स्वतःचा कल दोन्ही देहालाच, असं मानण्याकडे होता. तेराव्या शतकात थॉमस ॲक्विनासनं मात्र सांगितलं की नरकातला किडा देहाचा नव्हे, तो विवेकाचा चावा. आणि कारण काय दिलं? सडक्या मांसात जसा किडा पडतो, तसा हा पापाच्या सडण्यातून जन्मतो आणि आत्म्याला चावतो. हे कारण मला फार आवडतं. किडा बाहेरून कुणी सोडत नाही, सडलं की आपोआप पडतो.

आपल्या नरकांतही दातांची कमतरता नाही. भागवताच्या पाचव्या स्कंधात कृमिभोजन नावाचा नरक आहे. कुणाला न देता एकटाच खाणारा लाख योजनांच्या किड्यांच्या कुंडात स्वतः किडा होऊन पडतो, किडे त्याला खातात आणि तो किड्यांना. आग लावणारा, विष घालणारा, गावं लुटणारा, यांच्यासाठी वज्रासारख्या दातांची ७२० कुत्री ठेवलेली आहेत. आकडा मुद्दाम सांगतो, पोरांना आकडे आवडतात. पण हे यमाच्या खात्यातलं काम झालं. कुत्रं चावतं म्हणून त्या पाप्याला वाईट वाटतं, असं कुठे म्हटलेलं नाही. ही शिक्षा आहे, खंत नव्हे. कीर्तनात या दोन्हींची सरमिसळ करणारे बुवा मी पाहिलेत. श्रोते घाबरतात, पण हाताला काही लागत नाही.

संतांकडे विंचू आहे. एकनाथांचं 'विंचू चावला' भारूड गणपतीच्या दिवसांत आपल्याकडे कुठल्याही मांडवात ऐकायला मिळतं. शेक्सपिअरचा मॅकबेथही बायकोला म्हणतो की माझं मन विंचवांनी भरलंय. हे दोन विंचू शेजारी ठेवले की फरक चटकन दिसतो. नाथांचा विंचू काम-क्रोधाचा आहे, म्हणजे तो पापाच्या आधी चावतो आणि माणसाला नाचवतो. मॅकबेथचे विंचू राजाचा खून केल्यानंतर आलेत. (त्यांत खंत किती आणि साथीदार सेनापती बँको अजून जिवंत आहे ही धास्ती किती, हा वेगळा प्रश्न. मला तरी धास्ती जास्त वाटते.) नाथांच्या विंचवाला उतारा आहे, सत्त्वगुणाचा अंगारा लावला की तो झरझर उतरतो. आणि खुद्द खंत? तिला तुकोबा जनावर म्हणतच नाहीत. 'अनुतापीं न्हाय चित्त', मन त्यात अंघोळ करतं, हेच प्रायश्चित्त, असं ते सांगतात. डंख विकाराचा, अंघोळ अनुतापाची. सज्जनगडाच्या समर्थांचंही तसंच. दासबोधाच्या पाचव्या दशकात बद्धानंतर, म्हणजे संसारात अडकलेल्यानंतर, मुमुक्षू येतो, म्हणजे सुटू पाहणारा, तो पस्तावलेला, स्वतःचे दोष स्वतःच मोजणारा. म्हणजे खंत ही शिक्षा नाही, वरच्या वर्गात जायची पायरी आहे.

इथवर तुम्ही म्हणाल, मग आपल्या ग्रंथांत कुरतडणारं जनावर नाहीच. आहे. ते कर्णाच्या मांडीवर आहे, आणि त्याच्याकडे या नजरेनं कुणी फारसं बघत नाही.

गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण ती कुठे येते हे माहीत नसतं. ती येते शांतिपर्वाच्या सुरुवातीला. युद्ध संपलंय, कर्ण आपला थोरला भाऊ होता हे युधिष्ठिराला नुकतंच कळलंय, आणि तो आतून पोखरून निघालाय. राज्य नको म्हणतोय. त्या माणसाला नारद ही गोष्ट सांगतात. कर्णानं परशुरामाला आपण ब्राह्मण असल्याचं खोटं सांगून विद्या घेतली. एक दिवस उपवासानं थकलेला गुरू त्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला आणि एक किडा येऊन ती मांडी पोखरायला लागला. कीर्तनात इंद्रच भुंगा होऊन आला असं सांगायची रीत आहे, मीही सुरुवातीला सांगायचो. शांतिपर्वात तसं नाही. तिथला किडा आठ पायांचा, तीक्ष्ण दाढांचा, अंगावर सुयांसारखे केस असलेला. कर्ण हलत नाही. गुरूची झोप मोडेल म्हणून रक्त वाहू देतो. ते रक्त लागून परशुराम जागा होतो, किड्याकडे बघतो, आणि त्या नजरेनं किडा मरतो.

पुढचा भाग बहुतेक जण गाळतात, आणि खरा ऐवज तिथेच आहे. मेलेल्या किड्यातून एक राक्षस निघतो, हात जोडतो आणि म्हणतो, तुम्ही मला सोडवलंत. तो दंश नावाचा असुर. त्यानं कृतयुगात भृगूची बायको पळवली होती आणि भृगूच्या शापानं किडा होऊन पडला होता. म्हणजे कुरतडणारा हाच मुळात एक जुना अपराधी, आपली शिक्षा भोगत असलेला! व्यासांनी हे सहज घातलं असेल असं मला वाटत नाही. त्यानंतर परशुराम कर्णाकडे वळतो: एवढी वेदना ब्राह्मण सोसूच शकत नाही, खरं सांग. आणि खोटं उघडं पडतं. किड्यानं कर्णाला मारलं नाही. त्यानं फक्त मांडी पोखरली आणि लपवलेलं बाहेर काढलं. कर्ण किंचाळला असता तर खोटं टिकलं असतं. तो सोसत राहिला म्हणून उघडा पडला.

(याच पर्वात पुढे युधिष्ठिर कुंतीवर चिडून बायकांना शाप देतो की त्यांच्या पोटात गुपित राहणार नाही. लपवलं एकीनं आणि शाप सगळ्या जातीला. धर्मराजाचं हे मला कधी पटलेलं नाही, आणि कीर्तनात मी तसं सांगतो.)

परीक्षिताची गोष्ट याच्या जोडीला ठेवा. तहानलेल्या राजानं रागाच्या भरात मौनातल्या ऋषीच्या गळ्यात मेलेला साप अडकवला. ऋषीच्या मुलानं शाप दिला, सातव्या दिवशी तक्षक डसेल. आदिपर्वात राजा एका खांबावरच्या महालात पहाऱ्यात बसतो, आणि तक्षक येतो तो फळातला बारीकसा किडा होऊन. सूर्य मावळत आलाय. राजा तो किडा उचलतो, ऋषीचा शब्द खोटा पडू नये म्हणून हाच मला चावो म्हणतो, आणि हसत हसत स्वतःच्या गळ्यावर ठेवतो. गळ्यावरच का? साप त्यानं कुठे ठेवला होता आठवा. वर्गात हा प्रश्न विचारून थांबा, उत्तर तुम्ही देऊ नका.

आता एक घडलेली हकिकत सांगतो, कारण कर्णाच्या किड्याचा अर्थ मला पोथीतून नाही, तिच्यातून उमगला. कृष्णाकाठच्या एका गावात सप्ताहात मी हेच आख्यान लावलं होतं. आरती झाली, प्रसाद वाटला, मांडव रिकामा झाला, तरी साठीतला एक शेतकरी खांबाला टेकून बसून होता. जवळ आला आणि म्हणाला, 'बुवा, त्यो किडा मला लागलाय.' धाकटा भाऊ वारल्यावर त्याच्या रानाला लागून असलेला बांध हा दरवर्षी कोरत होता. बांध कोरणं तुम्हाला सांगायला नको: नांगरट करताना एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, शेजारच्याच्या बाजूला सरकवायची. एका वर्षात वीतभर, कुणाच्या डोळ्यावर येत नाही. बारा वर्षांत दोन ओळी ऊस बसेल एवढी भावजयीची जमीन याच्याकडे आली होती. 'म्या बांध कोरला बुवा, आन आता त्यो मला कोरतोय. वारी केली, पारायण केलं. रातचं डोळं उघडं.'

मी विचारलं, भावजयीला सांगितलंत का? तो म्हणाला, 'न्हाय.' त्या दोन ओळींत सध्या काय आहे? 'ऊसच हाय की.'

मला तिथेच टेंभूचे आगरकर आठवले. टेंभू म्हटलं की आता लोकांना उपसा सिंचन योजना आठवते, पण कराडजवळच्या या गावात जन्मलेल्या आगरकरांनी १८८३ साली 'हॅम्लेट' मराठीत आणलं, 'विकारविलसित' नावानं. त्यात भावाला मारून राजा झालेला क्लॉडियस तिसऱ्या अंकात गुडघे टेकून प्रार्थनेला बसतो आणि त्याला प्रार्थना जमत नाही. का, तेही तो स्वतःच सांगतो: ज्यासाठी खून केला तो मुकुट आणि ती राणी माझ्याकडेच आहेत, मग क्षमा कशी मागू? खंत खरी आहे, पण मुठीतलं सोडवत नाही. इथेही भाऊच, आणि इथेही हडपलेलं अजून हातात.

एक वाट बुद्धाकडूनही जाते. बापाला मारून गादीवर बसलेला अजातशत्रू पौर्णिमेच्या रात्री गच्चीवर बसलाय, चांदणं पडलंय आणि त्याला स्वस्थता नाही. वैद्य जीवकाच्या सांगण्यावरून तो आमराईत बुद्धाकडे निघतो. तिथे साडेबाराशे भिक्षू आहेत, पण आवाज नाही. राजाला कापरं भरतं: जीवका, मला शत्रूच्या हाती देतोयस ना? 'चोराच्या मनात चांदणं' ही म्हण मुलांना समजावायची तर यापेक्षा चांगलं चित्र मला माहीत नाही. ही गोष्ट ज्या सुत्तात, म्हणजे बुद्धाच्या उपदेशाच्या पाठात, येते, त्यातच मनाच्या चुळबुळीला आणि खंतीला गुलामीची उपमा दिलीय. खंत हे तिथे पुण्य नाही, अडसर आहे. शेवटी राजा गुन्हा कबूल करतो, बुद्ध ती कबुली स्वीकारतात. पण राजा गेल्यावर भिक्षूंना म्हणतात, हा उन्मळून गेलेला आहे. बाप मारला नसता तर याला इथेच धर्मदृष्टी लाभली असती. म्हणजे कबूल केलं की सगळं पूर्ववत, असंही नाही. ग्रीकांच्या नाटकातही मातृहत्या केलेल्या ओरेस्टीसच्या मागे रक्ताचा वास काढत कुत्र्यांसारख्या धावणाऱ्या देवता शेवटी मारल्या जात नाहीत, त्यांना अथेन्समध्ये जमिनीखाली मानाची जागा देतात. जनावर जात नाही, त्याची जागा बदलते.

एक सावधगिरीची गोष्ट मध्येच सांगतो. काहीही न करता मन खाणारी माणसंही येतात. हात धुऊन धुऊन सोललेले असतात, किंवा आईच्या मरणाला आपणच जबाबदार असं महिनोन्‌महिने म्हणत, जेवण सोडून बसलेली असतात. त्यांना मी आख्यान सांगत नाही, मिरजेला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो. आजाराच्या किड्याला पोथीचा उतारा नाही. वर्गात असं पोर दिसलं तर तुम्हीही तेच करा.

तर त्या शेतकऱ्याला मी काही सांगितलं नाही, नुसतं विचारलं की ऊस कधी तुटणार. म्हणाला, जानेवारीत. पुढच्या वर्षी त्याच सप्ताहाला गेलो तेव्हा तो स्वतःच भेटायला आला. ऊस तुटल्यावर त्यानं सरकारी मोजणी मागवली होती, स्वतः पैसे भरून. खुणेचे दगड रोवले, दोन ओळींचे पैसे घेऊन भावजयीच्या दारात गेला आणि सगळं सांगितलं.

मी विचारलं, काय म्हणाली?

'म्हनली, मला म्हाईत हुतं भावजी. पयल्या वर्सापासनं. कवा सांगताय ते बगत हुते.'

आणि आता? अजून खातं का मन?

तो थोडा वेळ टोपी चुरगाळत बसला. 'खात न्हाई,' म्हणाला. 'पर ती रानात असली की म्या त्या बांधावनं जात न्हाई. वड्याकडनं वळसा घालून जातो.'